एकशे आठ नावांचा उतार

देवखालच्या उतारावर रोज सकाळी पहिली रेघ उमटायची ती शालन केळुसकरची. सात वाजता ती लिफ्टच्या शेवटच्या खांबापाशी उभी असायची. पायांत स्कीच्या लांब पट्ट्या, कपाळावर कुंकू, जाकिटाच्या आतल्या खिशात फोन, आणि त्याच खिशात कागदात गुंडाळलेलं एक फूल. फूल नाही मिळालं तर देवदाराची डहाळी. तोंडात अन्नाचा कण गेलेला नसायचा आणि तोंडातून शब्द निघालेला नसायचा. ती डोळे मिटून हात जोडायची, गुडघे किंचित वाकवायची आणि स्वतःला सोडून द्यायची.

सोडून द्यायची हेच खरं. काठ्यांनी रेटा द्यायचा नाही, पट्ट्या तिरप्या करून वेग मारायचा नाही. मोठ्या उताराच्या कडेनं जाणारी जरा सौम्य धार होती, तिच्यावरून सरळ खाली. पहिल्या क्षणी मनात सातेरीचं पहिलं नाव, आणि खाली देवीच्या ठाण्यासमोरच्या कमानीतली घंटा हाताला लागली की एकशे आठावं. घंटा वाजवून, फूल वाहून झालं की मग मौन सुटायचं. अकरा हिवाळे हा नेम चालला होता. बर्फ नसेल त्या महिन्यांत त्याच रेघेनं ती पायी उतरायची.

खरं तर ती वेंगुर्ल्याची, समुद्रकाठची. लग्नाआधी तिनं बर्फ पाहिला होता तो मासळीबाजारातला, पापलेटांवर पसरलेला. नवरा दिगंबर सैन्यात डोंगरी तुकड्यांना स्की शिकवायचा, आणि निवृत्त झाल्यावर उत्तरेकडच्या डोंगरांतल्या या देवखालच्या उतारांची सुरक्षा त्याच्याकडे आली. शालनला या पांढऱ्या जगाची भीतीच वाटायची. त्यात ऋजुता आठ वर्षांची असताना एक छोटा हिमकडा सुटला आणि पोर बर्फाखाली गेली. चाळीस मिनिटं. दिगंबरनं तिला खणून काढलं तेव्हा तिचे ओठ निळे होते, पण श्वास होता. त्या चाळीस मिनिटांत शालननं देवीला काय सांगितलं ते तिनं कुणाला फोडून सांगितलं नाही. पण छत्तिसाव्या वर्षी, साडीची सवय असलेल्या त्या बाईनं पायांत पट्ट्या बांधल्या आणि महिनाभर पडत धडपडत स्की शिकली. माझी मुलगी परत दे, ती बर्फावरून घसरत येते तशीच मी तुझ्या पायाशी रोज येईन, एवढंच ते बोलणं असावं.

वेंगुर्ल्याकडे सातेरी वारुळाच्या रूपात पुजतात. माती आतून वाढत जाते तशी देवी वाढते म्हणतात. देवखालच्या ठाण्यावर हिवाळ्यात बर्फ चढत चढत टेकडीएवढा होई. शालनला ते पांढरं वारूळच वाटे. इथल्या लोकांची देवी वेगळ्या नावाची होती, पण शालनच्या मनात तो फरक कधी उरलाच नाही.

फोनमध्ये वेग मोजण्याची सोय ऋजुतानं सहा वर्षांपूर्वी घालून दिली होती, थट्टा म्हणून. आईचा वेग किती येतो तो बघू तरी, असं तिचं म्हणणं. शालननं सांगितलं, मोज बापडे, पण मला आकडा दाखवू नकोस. देवाला वाहायचं ते मोजून वाहायचं नसतं. ऋजुतानंही दोन दिवस बघून नाद सोडला. ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासचा तो कंटाळवाणा आकडा रोज तसाच यायचा. फोन मात्र खिशात मुकाट नोंद करत राहिला.

ऋजुताचं वेगाचं वेड निराळं होतं. सतराव्या वर्षी एकदा ती घरात धावत आली आणि फोन बापाच्या नाकासमोर धरला. एकशे त्रेचाळीस. दिगंबर पोळीचा घास मोडता मोडता म्हणाला, हा वेग तुझा नव्हे, कड्याचा.

मग त्यानं तिला समजावलं, आणि ओट्याशी उभ्या शालननंही ते ऐकलं. फोन काही चाकासारखा जमिनीला टेकलेला नसतो. तो आकाशातल्या उपग्रहांच्या लहरी ऐकतो. हॉर्न वाजवत एसटी जवळ येते तेव्हा हॉर्नचा सूर चढा लागतो आणि लांब जाताना उतरतो. या लहरींचंही तसंच. आपण उपग्रहाच्या दिशेनं सरकलो की लहरींचा सूर केसभर चढतो, उलटीकडे सरकलो की उतरतो. त्या केसभर फरकावरून फोन वेग काढतो, आणि हवेच्या दाबावरून आपण किती खाली आलो ते पडताळून बघतो. पण एखादी लहर सरळ न येता शेजारच्या कड्यावर आपटून आली, की फोन फसतो. एका क्षणापुरता आकडा आभाळाला भिडतो. म्हणून सगळ्यांत मोठा आकडा कधी खरा धरायचा नाही. सबंध उतरण कशी झाली ते बघायचं.

"बाबा, तुम्हाला माझा आनंद बघवत नाही म्हणून तुम्ही शास्त्र सांगता," ऋजुता म्हणाली. पण पुढच्या वेळेपासून ती कड्यापासून लांबून उतरू लागली.

दोन वर्षांपूर्वी, हंगामाच्या सुरुवातीला, निनाद तळपदे नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ देवखालला येऊन थडकला. हिवाळे आखूड होत चालले होते, कसाबसा दहा आठवडे टिकणारा बर्फ लहरी झाला होता, कुठे कधी कोसळेल याचे जुने ठोकताळे चालेनासे झाले होते. निनादच्या संस्थेनं जगभरच्या स्कीवाल्यांच्या फोनमधल्या नोंदी गोळा केल्या होत्या. लाखो उतरणी. त्यातून बर्फाचा स्वभाव वाचता येईल अशी त्यांची आशा होती, पण हाती काही लागेना. प्रत्येक माणूस वेगळा, वळणं वेगळी, वेळ वेगळी.

त्या ढिगात त्याला एक विचित्र ओळ सापडली. एकच रेघ, सकाळी सातची वेळ, तोच पवित्रा. चार हिवाळ्यांतल्या दोनशे त्र्याहत्तर उतरणी, आणि एकीचा मार्ग दुसरीपासून हातभरही हललेला नाही. त्यानं दिगंबरला विचारलं की तुमच्याकडे उताराला तार बांधून वजन सोडण्याचं यंत्र कुठलं आहे, ते मला बघायचंय.

ऋजुता तिथेच होती. ती हसत सुटली. म्हणाली, ते यंत्र आत भाजी निवडतंय.

निनाद आत गेला तेव्हा शालन पाटावर बसून मेथी निवडत होती. तिनं त्याला आधी चहा दिला. तो कपाकडे न बघता तिच्याकडे बघत राहिला, आणि शेवटी त्यानं तिला वाकून नमस्कार केला. तिला फार अवघडल्यासारखं झालं.

मग तो बोलू लागला. उतरणाऱ्या माणसाचा वेग तीन गोष्टी ठरवतात. उतार किती, हवा किती अडवते आणि बर्फ किती धरतो. काकूंच्या बाबतीत उतार रोज तोच. देह तोच, पवित्रा तोच, म्हणजे हवेचा हिशेबही ठरलेला. पट्ट्यांना लावायचं मेणही तेच. आता रोजच्या आकड्यात जो उरलासुरला फरक राहतो, तो सगळाच्या सगळा बर्फाचा. लोकांनी चूक म्हणून फेकून दिलेला तो फरक म्हणजे बर्फाचं बोलणं आहे.

"आणि नुसतं वरच्या बर्फाचं नाही," तो म्हणाला. "पट्ट्या घासताना थरथरतात. ती थरथर खाली जाते, थरांवर आपटून परत येते आणि फोनला कळते. खाली पोकळ असेल तर वरचा थर दबतो आणि तेवढा वेग खातो. शिवाय थरथरीचा आवाज बदलतो."

शालननं मेथीची काडी बाजूला ठेवली. "फणस ठोकून बघतात तसं," ती म्हणाली.

निनाद मुंबईचा. त्यानं फणस ठोकलेला नव्हता. तिनं हाताची बोटं पाटावर वाजवून दाखवली. कच्चा असेल तर टणक, पिकला असेल तर बदबद. वरून काटे सारखेच दिसतात, आत काय आहे ते आवाज सांगतो. निनादनं ते वहीत लिहून घेतलं. मान खाली घालून लिहिणाऱ्या त्या पोराकडे बघताना शालनच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण तिच्या दाराशी येतोय असं तिला वाटत होतं. दार आतूनही वाजत होतं हे ठाऊक नव्हतं.

त्या हिवाळ्यापासून देवखालचा कारभार बदलला. शालनची उतरण झाली की फोनमधली नोंद निनादच्या यंत्रात जायची, यंत्र ती पारखायचं आणि लिफ्टपाशी दिवा लागायचा. हिरवा लागला तर मोठा उतार उघडा, पिवळा लागला तर जपून, लाल लागला तर बंद. तिची रेघ हा तंबोऱ्याचा षड्ज. दिवसभर उतरणाऱ्या इतरांच्या नोंदी त्यावर जुळवून घ्यायच्या. पहिल्याच फेब्रुवारीत एकदा लाल लागला आणि दुपारी रिकाम्या उतारावर हिमकडा सुटला. त्यानंतर कुणी दिव्याशी वाद घातला नाही.

थट्टा मात्र झाली. लिफ्ट चालवणारा बिष्ट विचारायचा, साहेब, घरात हुकूम कुणाचा? दिगंबर गावाकडच्या बोलीत सांगायचा, "आता उतारावर पण हिचोच." शालन हसायची, पण नेमाच्या जागी थोडी बोच राहिली होती. निनादनं हात जोडून सांगितलं होतं की मेण बदलू नका, वजन फार वरखाली होऊ देऊ नका, खंड पाडू नका. खंड ती पाडणारच नव्हती. पण पूर्वी ती देवीसाठी उतरायची. आता खाली दिवा वाट बघत असायचा. आकडा तिनं तरीही कधी पाहिला नाही.

आणि ऋजुता चिडू लागली होती. ती एकोणीस वर्षांची झाली होती, एकशे वीसच्या वेगानं उतरत होती, आणि तिचा दिवस सुरू व्हायचा की नाही ते पंचेचाळीसच्या वेगानं उतरणारी आई ठरवत होती.

त्या वर्षी वेगाची राष्ट्रीय निवड चाचणी देवखालला ठरली. आठ मुली, एक दिवस, मोठा उतार. निवड झाली तर परदेशी जाणाऱ्या संघात जागा. बर्फाचा हंगाम इतका तोकडा की दुसरा दिवस राखून ठेवायची सोयच नव्हती. चाचणीच्या आधी सलग नऊ दिवस लख्ख ऊन, रात्री कडाक्याची थंडी. वरून उतार काचेसारखा.

त्याच आठवड्यात शालनचा जप बिघडला. एकशे आठावं नाव घंटेच्या आधीच संपू लागलं. पहिल्या दिवशी संपलं आणि घंटा अजून दोन नावांइतकी लांब होती. दुसऱ्या दिवशी तीन. मग चार, मग पाच. तिला फार लाज वाटली. इतकी वर्षं झाली, मन स्थिर व्हायचं सोडून घाई करू लागलं, नावं भराभर उरकू लागलं. तिनं एक वेळचं जेवण सोडलं, संध्याकाळी जास्तीची माळ ओढली. हे कुणाला सांगावं असं तिच्या मनातही आलं नाही. मनाचा दोष तो, तो ज्याचा त्यानं निस्तरायचा.

चाचणीच्या आदल्या दिवशी दिवा पिवळा लागला. निनाद मुद्दाम मुंबईहून आला होता. यंत्र द्विधेत आहे, उद्या सकाळच्या आकड्यावर ठरेल, असं तो म्हणाला. ऋजुता ताटावरून अर्धवट उठली.

दुसऱ्या दिवशी सातला शालन खांबापाशी उभी राहिली. खाली तंबू लागले होते, दिल्लीचे अधिकारी आले होते, रंगीत पताका वाऱ्यावर हलत होत्या. तिनं हात जोडले. आज घाई करायची नाही असं मनाला बजावलं आणि सोडून दिलं.

नावं शांत चालली होती. तिला बरं वाटलं. आणि तेवढ्यात कमान समोर आली. हात आपोआप उचलला गेला, घंटा वाजली, आणि तिच्या मनात एकशे दोनावं नाव होतं.

सहा नावं उरली होती.

ती थांबली. उरलेली सहा तिनं उभ्या उभ्या म्हटली, फूल वाहिलं. काल नावं पाच आधी संपली, आज सहा उरली. मन एका रात्रीत इतकं संथ होत नाही. तिनं वाकून पायातली पट्टी सोडवली आणि उलटी केली. तिचं रोजचं मेण पिवळसर असायचं, दिगंबर स्वतः वितळवून वडी पाडायचा. हा थर निळसर होता, गुळगुळीत. त्याला स्पर्धेच्या मेणाचा तो गोडसर वास होता. हा वास घरात एकाच कपाटातून यायचा.

लिफ्टपाशी हिरवा दिवा लागला. तंबूंकडून टाळ्यांचा आवाज आला.

शालन तिथेच बर्फात बसली. तिला आधी मुलीचा चेहरा आठवला नाही, स्वतःचीच नावं आठवली. दोन, तीन, चार, पाच. मन बिघडलंच नव्हतं. नावं जागच्या जागी होती. घंटा लांब गेली होती, कारण उतार तिला धरत होता, रोज जरा जास्त. सगळा आठवडा खालून कुणी सांगत होतं आणि ती कान धरून स्वतःलाच बोल लावत बसली होती. भीती होतीच, पण भीतीहून मोठं काहीतरी होतं, त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. तिनं समोरच्या पांढऱ्या वारुळावर डोकं टेकलं.

मग उठून ती दिगंबरकडे गेली. तो अधिकाऱ्यांच्या घोळक्यात होता. तिनं त्याला बाजूला बोलावलं.

"अहो, आजची उतरण धरू नका. माझ्या पट्ट्यांना मेण दुसरं आहे. सकाळी बघायचं राहिलं."

दिगंबरनं पट्टीवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला. घरातलं ते कपाट त्यालाही माहीत होतं. त्याचा चेहरा दगडासारखा झाला. उतरण सदोष असेल तर पुन्हा करायची, तोवर दिवा पिवळा, असा नियमच होता. त्यानं दिवा पिवळा करायला लावला आणि अधिकाऱ्यांना अर्धा तास मागितला.

लिफ्टच्या खुर्चीत बसून शालन वर गेली. अधिकाऱ्यांची समजूत पटेपर्यंत नऊ वाजत आले होते. मोठ्या उताराच्या माथ्यावर ऊन उतरलं होतं. ऋजुता शेवटच्या खांबापाशी होती, इतर सात जणींपासून जरा लांब, हातात शिरस्त्राण घेऊन. आईला परत वर आलेलं बघून ती जागची हलली नाही.

शालननं दोन्ही पट्ट्या तिच्यासमोर उलट्या धरल्या. खिशातून मेण काढायची पत्री काढून तिच्या हातात दिली.

"खरवड."

ऋजुतानं खरवडायला सुरुवात केली. निळ्या पापड्या बर्फावर पडू लागल्या. मग ऋजुता मान वर न करता म्हणाली, काल पिवळाच तर होता, लाल नव्हता. यंत्र उगीच घाबरतं, सगळे म्हणतात. अजून दोन किलोमीटरचा वेग लागला असता तर झालं असतं, म्हणून. शालन म्हणाली, असेल.

"पण तुला कसं कळलं? तू तर आकडा बघत नाहीस."

"सहा नावं उरली. आणि त्याआधी चार दिवस कमी पडत होती. आधी दोन, काल पाच. मी कुणाला बोलले नाही, ती चूक माझी."

ऋजुताची पत्री थांबली. लहानपणी ती आईच्या मांडीवर ही नावं ऐकत झोपली होती. ती कशी पडतात, किती सारखी पडतात, ते तिला ठाऊक होतं. फोन कड्यावरून आलेल्या लहरीनं फसतो, आईचा जप फसत नाही. तिनं वर माथ्याकडे बघितलं. तिथे ऊन चमकत होतं. मग तिनं आईच्या रेघेकडे बघितलं. ती रेघ मोठ्या उताराच्या कडेला धरून होती, सकाळी सातला गोठलेल्या बर्फावर बिनधोक, आणि आता उन्हाच्या बरोबर खाली.

"आई, तू आता नको उतरूस."

शालननं वाकून पट्टी पायात अडकवली. "तुम्ही आठ जणी उतरणारच होतात की," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

आठ वर्षांची असतानाचा तो काळोख ऋजुताला कधी आठवत नसे. आता आठवला की काय कोण जाणे. तिनं आईची काठी धरून ठेवली, सोडली नाही, आणि दुसऱ्या हातानं खांद्यावरचा वॉकीटॉकी ओढला.

"बाबा, मेण मी लावलं. काल संध्याकाळी. आईला माहीत नव्हतं. तिला परत पाठवू नका. लाल लावा."

वॉकीटॉकीत नुसती खरखर. एवढं सगळं खाली घोळक्यात मोठ्यानं ऐकू गेलं असणार.

"ऐकलं," दिगंबरचा आवाज आला. आणि लिफ्टपाशी लाल दिवा लागला.

दोघी लिफ्टमधून खाली आल्या. पुढचे तीन तास फार लांब होते. अधिकारी संतापले, बरोबरच्या मुलींचे पालक नको ते बोलले, कुणी म्हणालं की केळुसकरांच्या घरचं हवामान बिघडलंय त्याला डोंगर काय करणार. ऋजुता सगळ्यांसमोर उभी राहून विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेली. डोंगर शांत होता. अकरा वाजले, बारा वाजले. काचेसारखा उतार उन्हात नुसता लखलखत होता, आणि अधिकारी म्हणू लागले की दोन वाजता आमच्या जबाबदारीवर चाचणी घेऊ.

साडेबाराला आधी आवाज आला. मोठा नव्हे. रिकाम्या पिंपावर कुणी तळहात मारावा तसा, एकदाच, पायांखालून. सगळे बोलायचे थांबले. माथ्यावर एक बारीक काळी रेघ उमटली, नखानं ओढल्यासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि मग सगळा उतार, जसा होता तसा, एका अंगानं हलला. त्या क्षणी काहीच ऐकू येत नव्हतं. सारवलेल्या अंगणासारखा सपाट बर्फ चिरफाळत, उभा राहत, धूर होत खाली येत होता. शालननं भरतीच्या लाटा खूप पाहिल्या होत्या. इतकी संथ वाटणारी आणि इतकी अवाढव्य लाट तिनं कधी पाहिली नव्हती. मग आवाज पोहोचला, आणि आवाजाच्या पुढे ढकललेला वारा. पताका ताठ झाल्या. कमानीतली घंटा हलली आणि कुणी हात न लावता वाजू लागली, वाजत राहिली.

बर्फ ठाण्यापासून चाळीस पावलांवर थांबला. शालनची रेघ पुरुषभर ढिगाऱ्याखाली गेली होती. उतारावर कुणीही नव्हतं. अधिकाऱ्यांपैकी एकानं टोपी काढली होती आणि ती हातात आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं. शालन हात जोडून उभी होती. शेजारी ऋजुताचे ओठ हलत होते.

संध्याकाळी निनादनं शालनला त्या चार दिवसांची नावं विचारली. दोन, तीन, चार, पाच. एका नावाला किती वेळ लागतो ते त्यानं काढलं, आणि यंत्रानं पकडलेल्या वेगाच्या घटीशी ताडून पाहिलं. सेकंदाला सेकंद जुळलं. मग तो म्हणाला, काकू, रोजची नावंही सांगत जाल का, आपण तीही नोंदवू.

शालननं मान हलवली. "ती मोजायला नाहीत रे. पण पुढेमागे झाली, तर आता गप्प बसणार नाही. सांगेन."

ऋजुताला दोन हिवाळे स्पर्धांतून बाद केलं. तिनं कुरकूर केली नाही. दिगंबर तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी तिच्या पट्ट्यांच्या कडा घासून, पिवळसर मेण लावून त्यानं त्या दारापाशी उभ्या करून ठेवल्या. बोलला तेव्हाही नाही.

पाचव्या दिवशी सातला शालन वर पोहोचली. ढिगाऱ्याला वळसा घालून निनादनं आणि दिगंबरनं नवी रेघ आखली होती. तिथे ऋजुता आधीच उभी होती, तोंड बंद करून, हातात देवदाराची डहाळी. आईनं भुवया उंचावल्या. मुलीनं स्वतःच्या पोटावर हात ठेवून काही खाल्लं नसल्याचं दाखवलं.

शालन सुटली. मागोमाग पट्ट्यांचा दुसरा आवाज येत राहिला, तिच्या आवाजाच्या जरा मागे, जरा पुढे. कमान आली, घंटा वाजली, एकशे आठावं नाव. लगेच दुसऱ्यांदा घंटा वाजली.

ऋजुताच्या खिशात फोन थरथरला, आकडा आल्याचं सांगत. तिनं तो काढला नाही. धापा टाकत तिनं आईकडे बघितलं आणि ओशाळून दोन बोटं वर केली. दोन नावं उरली होती.

शालननं तिच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग वर डोंगराकडे. मौन अजून सुटायचं होतं. तिनं मुलीच्या गालावरचा बर्फ पुसला आणि हातानंच खूण केली. उद्या.